एवा मार्तोन : पायरीपायरीने चढत गेलेला आवाज

नीरजा_के

एवा मार्तोन या हंगेरियन गायिकेचं नाव ऑपेरा ऐकणाऱ्यांना नवं नाही, पण मराठीत तिच्याबद्दल सलग लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. म्हणून हा धागा. मोठ्या आवाजाची निगा तिच्याइतक्या शहाणपणाने राखणाऱ्या गायिका फार थोड्या, असं माझं ठाम मत आहे. पुढे ती शिकवायला बसली हे मला त्या निगेतूनच आलेलं वाटतं.

जन्म १८ जून १९४३, बुडापेस्ट. तरुणपणी व्हॉलीबॉल खेळायची, तेही हंगेरीच्या ज्युनियर राष्ट्रीय संघातून. गायन शिकली तिथल्याच लिस्त संगीत अकादमीत. १९६८ साली हंगेरियन राज्य ऑपेरात पदार्पण झालं ते रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'सोन्याचा कोंबडा' या ऑपेरातली शेमाखाची राणी म्हणून. पुढे जगाने जिला तुरांदोत आणि एलेक्ट्रा अशा जड भूमिकांतून ओळखलं, तिची सुरुवात अशा तलम, नागमोडी, फिरतीच्या गाण्याने झाली हे लक्षात ठेवा. माझा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे.

१९७२ साली वाद्यवृंद-संचालक क्रिस्टोफ फॉन दोहनानी यांनी तिला फ्रँकफर्टला बोलावलं. तिथे पहिली भूमिका मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न'मधल्या काउंटेसची. त्याच वर्षी फ्लोरेन्सला रिकार्दो मूतींच्या हाताखाली रोसिनीच्या 'विल्यम टेल'मधली मातिल्डे. १९७३ ला व्हिएन्नात तोस्का. १९७६ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (म्हणजेच 'मेट') वॅग्नरच्या 'माइस्टरसिंगर'मधली एवा. १९७८ ला मिलानच्या ला स्कालामध्ये 'इल त्रोवातोरे'ची लेओनोरा. दरम्यान बायरॉइटच्या वॅग्नर महोत्सवालाही जाऊन आली, 'टानहॉयझर'मधल्या एलिझाबेथ आणि व्हीनस या दोन्ही भूमिका घेऊन.

आता यात काय नाही ते बघा. तुरांदोत नाही, ब्रुनहिल्डे नाही, एलेक्ट्रा नाही. आवाज मोठा आहे हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ऐकू येत असणार. अशा गळ्याला 'आमच्याकडे तुरांदोत गा' म्हणणारे लोक प्रत्येक शहरात असतात, कारण ती भूमिका पेलणाऱ्या बायका जगात एका वेळी मोजक्याच. पण व्हिएन्नातली तिची गाजलेली तुरांदोत १९८३ ची, लोरिन माझेल आणि होसे कारेरास यांच्याबरोबरची. तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. मेटमध्ये झेफिरेलींच्या भव्य मांडणीत प्लासिदो दोमिंगोसमोर उभी राहिली ते १९८७ साली. संचालक आबादो आणि दिग्दर्शक हॅरी कुप्फर यांची व्हिएन्नातली 'एलेक्ट्रा' १९८९ ची.

मला सगळ्यात जास्त भावतं ते असं, की एकाच ऑपेरातल्या हलक्या भूमिकेकडून जड भूमिकेकडे ती सावकाश सरकते. वॅग्नरच्या 'लोहेनग्रिन'मध्ये दोन बायका आहेत. एल्सा निष्पाप, तिचं गाणं लांब दमाचं आणि उजळ. ओर्ट्रुड सूडाने पेटलेली. मेटच्या १९८६ च्या चित्रीकरणात मार्तोन एल्सा आहे आणि समोर लेओनी रिझानेक ओर्ट्रुड. १९९० च्या दशकात संचालक कॉलिन डेव्हिस यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणात मार्तोन स्वतः ओर्ट्रुड झालेली आहे. रिचर्ड श्ट्राउसच्या 'सावली नसलेली स्त्री'मध्येही तेच. हॅम्बुर्गला १९७७ साली ती सम्राज्ञी होती, १९८१ ला मेटमध्येही. १९९२ ला साल्झबुर्गमध्ये संचालक शोल्टी यांच्याबरोबर ती रंगाऱ्याची बायको गायली, आणि सम्राज्ञी झाली होती शेरिल स्टूडर.

शिवाय १९८६ ची एल्सा ही १९८३ च्या तुरांदोतनंतरची आहे. म्हणजे जड भूमिका हाती आल्यावर तिने हलक्या सोडून दिल्या नाहीत. परत येऊन नितळ आवाज लावता येतो की नाही, हे ती स्वतःलाच तपासत होती असं मला वाटतं.

२००५ पासून ती लिस्त अकादमीत शिकवू लागली, तिथल्या गायन विभागाची प्रमुख झाली. २०१४ पासून तिच्या नावाने तरुण गायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा बुडापेस्टला भरते. जिचा आवाज मोठा आहे अशा विशीतल्या मुलीला गुरूने थांबवायचं कसं, आणि तिचा हिरमोड न करता, यावर तुमचे अनुभव वाचायला आवडतील. गाणं कुठलंही असो, आपलं किंवा तिकडचं.

---

मंदार_ठाणे

लेख आवडला. मी ऑपेरा जवळजवळ ऐकलेला नाही, म्हणून प्राथमिक प्रश्न विचारतो. समोर शंभर वादक, माइक नाही, आणि प्रेक्षागृह केवढं तरी. मग आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो कसा? हे ओरडणं नाही का? आणि ओरडणं असेल तर वीस वर्षं गळा टिकतो कसा?

---

ध्वनिलहरी

मंदार, ओरडून तो जातच नाही. वाद्यवृंदाशी ताकदीची मारामारी केली तर माणूस हरणार हे ठरलेलं आहे.

वाद्यवृंदाचा सगळ्यात जास्त जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, त्याच्या वर तो उतरत जातो. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात मोजून दाखवलं, की तयार गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळपास एक जादा उंचवटा असतो. वाद्यं तिथे क्षीण असतात आणि आपला कान नेमका त्या पट्ट्यात तिखट असतो. त्यामुळे गायक वाद्यांपेक्षा मोठा नसला तरी वेगळा ऐकू येतो. स्वरयंत्राच्या लगेच वरचा भाग आणि घसा यांचा आकार विशिष्ट ठेवायला शिकलं की हा उंचवटा येतो. हे पुरुषांच्या आवाजात जास्त स्पष्ट दिसतं.

सोप्रानोचं, म्हणजे बायकांच्या सगळ्यात उंच आवाजाचं, वरच्या सुरांत गणित बदलतं. वरचा 'सी' म्हणजे सुमारे १०४६ हर्ट्झ, मूळ सूरच इतका उंच. तिथे गायिका जबडा उघडून तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद त्या सुरावर नेऊन ठेवते आणि फारशी ताकद न वाढवता आवाज कितीतरी मोठा होतो. शब्द मात्र पुसट होतात, कारण 'ई' आणि 'आ' वेगळे ठेवायला तोंडात जागाच उरत नाही. वर गेल्यावर सोप्रानोचे शब्द कळत नाहीत ही तक्रार नेहमीची आहे, तिचं कारण हे.

मेटमध्ये सुमारे ३८०० खुर्च्या आहेत. तिथे तुरांदोतची 'इन क्वेस्ता रेज्जा' ही एन्ट्री गायची म्हणजे हा सगळा हिशेब थकलेल्या अंगाने नाही, ताज्या दमाने करावा लागतो. पुच्चिनीने तुरांदोतला पहिल्या अंकात एकही सूर दिलेला नाही. ती नुसती दिसते. दुसऱ्या अंकात तोंड उघडते ते थेट शिखरावरच.

---

सुलभाताई_डोंबिवली

नीरजा, फार दिवसांनी असा धागा आला. मी हिंदुस्थानी गाणं शिकवते, ऑपेरातलं मला कळत नाही. पण तुझ्या शेवटच्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मोठा आवाज असलेली मुलगी वर्गात आली की आनंद होतो आणि काळजीही वाटते. तिला सगळं सोपं जातं. तार षड्ज पहिल्याच महिन्यात लागतो, घरचे खूश, शेजारी टाळ्या वाजवतात. मग खर्जाचा रियाज तिला शिक्षा वाटते. मी अशा मुलींना वर्षभर मध्य सप्तकाबाहेर फारसं जाऊ देत नाही. काही सोडून जातात. ज्या राहतात त्यांचा आवाज पस्तिशीत ऐकावा. तो भरलेला असतो.

आपल्या संगीत नाटकांतले जुने नटही माइकशिवाय रात्ररात्र गात असत हे विसरू नका. आवाज लांब फेकायचा तर आधी तो जागेवर लागला पाहिजे, हे त्या लोकांना तालमीत कळलेलं होतं. ध्वनिलहरींनी आकडे देऊन सांगितलं तेच त्यांना कानाने माहीत होतं.

हिरमोड न करता थांबवण्याचं म्हणशील, तर मला एकच मार्ग सापडला आहे. 'हे गाऊ नकोस' असं म्हणायचं नाही. मध्य सप्तकातलं असं काही सुंदर काम द्यायचं की तिला वर जायची आठवणच होऊ नये.

---

अमेय_माइनकाठ

सुलभाताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून फ्रँकफर्टची वर्षं वेगळ्या प्रकाशात दिसली.

मार्तोनच्या वाटचालीत १९७२ ते ७७ या काळाकडे नीट बघायला हवं. जर्मन ऑपेराघरांत गायक पगारी असतात. महिन्याचा पगार, वर्षभराचं वेळापत्रक, आणि आवाजाच्या जातीनुसार भूमिकांची वाटणी. हलकी सोप्रानो, भावगर्भ सोप्रानो, तरुण नाट्यमय सोप्रानो, पूर्ण नाट्यमय सोप्रानो अशी ती उतरंड. काउंटेस एका खान्यात, एल्सा आणि एलिझाबेथ दुसऱ्यात, ब्रुनहिल्डे आणि एलेक्ट्रा सगळ्यात शेवटच्या. करारात खाना लिहिलेला असला की घराला तुमच्याकडून वाटेल ते गाऊन घेता येत नाही, आणि तुम्हालाही उगाच उडी मारता येत नाही. पाहुणी तारका म्हणून शहरोशहरी फिरणाऱ्या गायिकेला हे कुंपण नसतं.

या घरांचा दुसरा फायदा रोजच्या कामाचा. आज मोझार्ट, चार दिवसांनी व्हेर्दी, सकाळी तिसऱ्याच नाटकाची तालीम, आणि सोबत तेच संचालक, तेच पियानोवर तालीम घेणारे लोक. आवाज कुठे दमतो हे त्यांना गायिकेच्या आधी कळतं. बुडापेस्टहून आलेल्या एकोणतिशीतल्या मुलीला थेट न्यूयॉर्क मिळालं असतं तर ही वर्षं तिला परत मिळाली नसती.

---

विक्रम_एन

चांगली चर्चा चालू आहे, पण विरुद्ध बाजू कुणीतरी मांडायला हवी.

मार्तोनचा आवाज १९९० च्या दशकापर्यंत तसाच टिकला असं लेखातून वाटतं, ते मला मान्य नाही. संचालक हायटिंक यांच्याबरोबरचं वॅग्नरच्या 'रिंग' या चार ऑपेरांच्या चक्राचं ध्वनिमुद्रण ऐका, १९८८ ते ९१ च्या दरम्यानचं. ती ब्रुनहिल्डे आहे. लांब सुरांवर कंप रुंदावलेला आहे, इतका की काही ठिकाणी सूर नेमका कुठला याचा अंदाज करावा लागतो. १९८३ च्या तुरांदोतमध्ये हे नाही. मधल्या काळात तिने तुरांदोत, जोकोंदा, ब्रुनहिल्डे, एलेक्ट्रा असं एकावर एक घेतलं. पहिली पंधरा वर्षं संयम होता हे कबूल. पण ऐंशीच्या दशकात मागणी वाढली आणि तिने ती पुरवली. त्याची किंमत आवाजाने मोजली.

शिक्षिका म्हणून तिचं मोल मी कमी करत नाही. उलट ही किंमत ठाऊक असलेल्या बाईने शिकवणं जास्त मोलाचं.

---

नीरजा_के

विक्रम, हायटिंकच्या ध्वनिमुद्रणाबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे, विशेषतः 'रिंग'मधला शेवटचा ऑपेरा 'ग्योटरडेमरुंग', त्याच्या अखेरच्या दृश्यात. पण निष्कर्षाशी मी सहमत नाही.

स्टुडिओचा माइक तोंडाजवळ असतो. ३८०० माणसांच्या घरासाठी घडवलेला आवाज तिथे जवळून ऐकणं त्या आवाजावर अन्याय आहे. घरात तो कंप हवेत मिसळून जातो, माइकवर तो सुटा दिसतो. त्याच काळातली, म्हणजे जून १९८९ ची व्हिएन्नाची 'एलेक्ट्रा' प्रत्यक्ष प्रयोगाची आहे. एलेक्ट्रा एकदा रंगमंचावर आली की जवळपास शेवटापर्यंत जातच नाही, दीड तासाहून जास्त, आणि खाली श्ट्राउसचा शंभरावर वादकांचा वृंद. ब्रिगिटे फासबेंडरच्या क्लितेम्नेस्त्राबरोबरचा प्रवेश बघा. मार्तोन तिथे आईला गोंजारल्यासारखी, अगदी बारीक आवाजात गाते. ज्या गळ्याची वीण सुटली आहे त्याला मोठ्याने गाता येतं, हळू गाता येत नाही. ओरेस्तला ओळखण्याच्या प्रसंगातही तेच.

सेहेचाळिसाव्या वर्षी कुठलाही आवाज तिशीसारखा नसतो. प्रश्न असा, की तोपर्यंत तो काय काय करू शकला. मागणी तिने पुरवली हे खरं, पण चाळिशीनंतर. उलट क्रमाने केलं असतं तर १९८९ ला ती रंगमंचावर उभीच नसती.

---

पेस्टची_मधुरा

मी बुडापेस्टला राहते, म्हणून थोडं स्थानिक.

लिस्त अकादमीची मुख्य इमारत १९०७ ची, लिस्त फेरेन्त्स चौकात. संस्था मात्र १८७५ ची, खुद्द संगीतकार लिस्तने उभी केलेली. मोठी डागडुजी होऊन २०१३ ला इमारत पुन्हा उघडली, तेव्हा वरच्या छोट्या सभागृहाला शोल्टी यांचं नाव दिलं, तेही इथलेच विद्यार्थी. विद्यार्थ्यांचे ऑपेरा तिथे होतात. मुख्य सभागृह सोन्याने मढवल्यासारखं आहे, पण मला शोल्टी सभागृह जास्त आवडतं. तिथे विशीतल्या मुलामुलींना त्यांच्या आवाजाला साजेल एवढीच जागा भरावी लागते. नीरजाच्या प्रश्नाचं एक उत्तर वास्तूमध्येच आहे.

मार्तोनच्या परदेशी यशाबद्दल इथे सगळ्यांना अभिमान आहे. १९९७ ला तिला कोशुत पुरस्कार मिळाला, हा देशाचा मोठा सन्मान. पण माझ्या ओळखीचे संगीतवाले लोक तिची आठवण काढतात ती तुरांदोतसाठी नाही, बार्तोकच्या युडितसाठी. ऑपेरा 'निळ्या दाढीचा किल्ला'. पात्रं दोनच, कालावधी तासाभराचा, पहिला प्रयोग इथेच, मे १९१८ मध्ये. आदाम फिशर यांच्याबरोबरचं तिचं ध्वनिमुद्रण आहे, निळ्या दाढीच्या ड्यूकच्या भूमिकेत सॅम्युअल रॅमी.

त्यात पाचव्या दाराची जागा आहे. दार उघडतं, युडितच्या तोंडून वरच्या 'सी'वर उद्गार फुटतो आणि सगळा वाद्यवृंद ऑर्गनसह सी मेजरमध्ये उसळतो. ड्यूकचं अफाट राज्य समोर पसरलेलं असतं. तो अभिमानाने ते दाखवतो. आणि युडित उत्तर देते ते कोरड्या, निर्जीव सुरात, जवळजवळ बोलल्यासारखं: तुझं राज्य सुंदर आहे, मोठं आहे. बार्तोकने तिथे कसलाही भाव नको असं लिहून ठेवलं आहे. आधीचा तो 'सी' अनेकींना जमतो. त्यानंतरचं हे रिकामं वाक्य मार्तोन ज्या तऱ्हेने म्हणते, त्यावरून ती मातृभाषेत गाते आहे हे लगेच कळतं. हंगेरियनमध्ये जोर नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो, बार्तोकची चाल त्यावर बेतलेली आहे, आणि तिला त्यासाठी काहीच करावं लागत नाही.

---

रोहिणी_लंडन

बुडापेस्टने दिलेली आणखी एक शिक्षिका या धाग्यात यायलाच हवी: वेरा रोझा. जन्म १९१७, तीही लिस्त अकादमीचीच. तिचा पहिला नवरा लास्लो वाइनर हा हंगेरियन संगीतकार कोदायचा शिष्य, स्वतःही संगीतकार. ज्यू असल्यामुळे त्याला सक्तमजुरीला नेलं आणि १९४४ साली त्याला मारलं गेलं. वेरा वाचली, युद्धानंतर व्हिएन्नाच्या ऑपेरात गायली. १९५४ ला इंग्लंडला आली आणि शिकवू लागली, आधी मँचेस्टर, मग लंडन. २०१० साली त्र्याण्णवाव्या वर्षी गेली.

कीरी ते कानावा तिची शिष्या. आने सोफी फॉन ऑटर, कारिता मात्तिला, इलेआना कोत्रुबास याही तिच्याकडे शिकलेल्या. या चौघींचे आवाज एकमेकींसारखे अजिबात नाहीत, आणि मला तीच तिच्या मोठेपणाची खूण वाटते. प्रत्येकीचा आवाज ज्याचा त्याच्या जागी राहिला. कुठल्याही शिष्येच्या गाण्यात गुरूचा ठसा ऐकू येत नाही.

आपल्याकडे गुरूचा ठसा दिसणं हे भूषण. घराणं म्हणजे तेच. सुलभाताई, तुमचं यावर मत वाचायला आवडेल.

---

सुलभाताई_डोंबिवली

रोहिणी, वेरा रोझाबद्दल वाचून गलबलून आलं. इतकं सोसून दुसऱ्यांचे गळे घडवत बसायचं, याला मन फार मोठं लागतं.

घराण्यात ठसा असतो तो गायकीचा. स्वर लावायची तऱ्हा, विस्ताराची पद्धत, लयीशी वागणं. गळ्याची जात मात्र गुरूने बदलू नये. गुरूचा आवाज ढाला म्हणून बारीक, टोकदार आवाजाच्या मुलीने ढाला आवाज काढायचा प्रयत्न केला की घसा बसतो. हे मी बघितलेलं आहे. त्यामुळे त्या बाई करत होत्या त्याला आपल्याकडेही चांगल्या गुरूंची संमतीच मिळाली असती.

---

कोदायप्रेमी

+१. कोदायचं नाव आलंच आहे तर थोडं. हंगेरीत शाळेतल्या मुलांना 'सा' कुठेही धरून सरगम गायला शिकवावं तसं, 'दो' हलता ठेवून गायला शिकवतात. प्रत्येक सुराला हाताची खूण. १९५० साली केच्केमेत गावी रोज गाणं असलेली पहिली प्राथमिक शाळा निघाली. वाद्य हाती यायच्या आधी गळा आणि कान तयार व्हायला हवेत असा कोदायचा आग्रह. इतक्या लहान देशातून इतके गायक आणि गाणं शिकवणारे निघाले, त्यामागे ही पायाभरणी आहे असं मला वाटतं.

पण गाणं शिकवणारी मारिया इव्होग्यून या शाळांच्याही आधीची. जन्म बुडापेस्टचा, १८९१ चा. म्युनिकला ब्रूनो वाल्टर यांच्या हाताखाली घडलेली, चिमणीच्या किलबिलीसारख्या फिरतीची गायिका. पुढे डोळ्यांच्या त्रासामुळे रंगमंच सोडला आणि शिकवायला लागली. एलिझाबेथ श्वार्त्सकोप्फ आणि रिटा श्ट्राइख तिच्या हाताखालून गेल्या.

---

मंदार_ठाणे

सगळ्यांचे आभार. नीरजा, नवशिक्याने कुठून सुरुवात करावी ते सांगता का? मेटचे प्रयोग मुंबईला एनसीपीएच्या पडद्यावर दाखवतात असं ऐकलंय, पण हे जुने तिथे दिसणार नाहीत.

---

नीरजा_के

मंदार, तुरांदोतने सुरुवात करू नका, जरी सगळे तेच सांगतील. झेफिरेलींच्या त्या मांडणीत इतकी माणसं आणि इतकं सोनं आहे की गाण्याकडे लक्षच राहत नाही.

'लोहेनग्रिन' १९८६, मेटचं चित्रीकरण, दुसरा अंक. एल्सा सज्जात येऊन रात्रीच्या वाऱ्याशी बोलते. मार्तोन तिथे आवाज जेवढ्यास तेवढाच वापरते. खाली अंधारात ओर्ट्रुड वाट बघत असते. मग दोघी समोरासमोर येतात. हा प्रवेश एकदा एल्साकडे लक्ष ठेवून ऐका आणि एकदा रिझानेककडे. त्यानंतर कॉलिन डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रणातला तोच प्रवेश लावा, त्यात मार्तोन ओर्ट्रुड आहे. ओर्ट्रुड जुन्या देवांना हाक मारते तिथपर्यंत ऐका आणि मग इथे लिहा, विक्रम बरोबर की मी.